ॲम्प्लिफायरावांचून गिटार : पेडल कसें निवडावें

शाळेचें स्नेहसंमेलन जवळ येऊं लागलें कीं आम्हांस दरवर्षीं एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो. विचारणारा बहुधा नववी-दहावींतील विद्यार्थी असतो, व त्याच्या मागें, किंचित् संकोचानें, त्याचे वडील उभे असतात. प्रश्न असा : "मुलास विजेवर चालणारी गिटार घेऊन दिली. आतां तो म्हणतो, ॲम्प्लिफायर पाहिजे. दुकानदार म्हणतो, तो कशाला, त्याऐवजीं हें लहानसें पेडल न्या, सर्व काम तेंच करील. आम्हीं खरें काय समजावें?" या प्रश्नाचें उत्तर होय किंवा नाहीं अशा एका शब्दांत देतां येत नाहीं, आणि उत्तर चुकलें तर एका कुटुंबानें कित्येक महिने बाजूस टाकलेले पैसे वायां जातात. मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ सालीं बंद पडल्यापासून आमच्या आंबिवली परिसरांत पुष्कळ घरांस पैसा मोजून खर्च करण्याची संवय लागलेली आहे. म्हणून हा विषय येथें जरा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं साधी, पोकळ पोटाची लांकडी गिटार आहे त्यांस या खरेदीची गरजच नाहीं. त्यांनीं हा लेख केवळ माहिती म्हणून वाचावा.

प्रथम ॲम्प्लिफायर काय करतो तें पाहूं. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. त्यामुळें तिची तार छेडली असतां शेजारच्या खोलींतील माणसासही ती ऐकूं येत नाहीं. तारांच्या खालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. त्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली कीं या वेटोळ्यांत विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायरांत या प्रवाहावर तीन संस्कार घडतात. पहिला भाग त्यास थोडा वाढवून घाट देतो. खर्ज किती, तार स्वर किती, हें येथें ठरतें. दुसरा भाग त्यास स्पीकर हलविण्याइतकें बळ देतो. तिसरा भाग म्हणजे स्पीकर आणि त्याची लांकडी पेटी. पुष्कळांचा असा समज असतो कीं स्पीकर हा केवळ आलेला माल बाहेर नेऊन टाकणारा हमाल आहे. सभागृहांतील स्पीकरापुरता हा समज बहुतांशीं ठीक आहे. गिटारीच्या स्पीकरास मात्र तो लागू पडत नाहीं. त्याचा सुमारें १२ इंच व्यासाचा कागदी पडदा सेकंदास ५००० कंपनांच्या वरचे स्वर झपाट्यानें गाळून टाकतो. सभागृहाचा स्पीकर १५,००० कंपनांपर्यंतचे व त्याहूनही वरचे स्वर बिनतक्रार ऐकवितो. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन याच खुंटीवर टांगलेलें आहे.

गिटारवादकांस प्रिय असणारा जो किंचित् खरखरीत, भरदार आवाज, तो मुळांत एका दोषांतून जन्मास आला. पूर्वींचे ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हवर चालत. ई-एल ८४ या नांवाचा व्हॉल्व्ह जुन्या युरोपीय बनावटीच्या रेडिओंत असे, आणि तसेच चार व्हॉल्व्ह व्हॉक्स कंपनीच्या ए-सी ३० या नांवाजलेल्या ॲम्प्लिफायरांत बसविलेले असतात. व्हॉल्व्हकडून त्याच्या शक्तीबाहेर काम मागितलें कीं ध्वनिलहरींचे शेंडे बोथट होतात, व मूळ स्वराच्या वर नवे उपस्वर उत्पन्न होतात. यांतील जे फारच कर्कश ते स्पीकर गाळतो, आणि उरलेले कानास गोड लागतात. व्हॉल्व्हचा हा बिघाड एखाद्या डबींत भरून पायानें दाबतां येईल अशी सोय केली, तिचें नांव डिस्टॉर्शन पेडल. या डबींत बिघाड असतो, गाळणी नसते.

तीन वर्षांपूर्वींच्या संमेलनांत याचा आम्हांस चांगलाच अनुभव आला. दहावींतील एका मुलाजवळ गिटार व डिस्टॉर्शन पेडल एवढेंच साहित्य होतें. "ॲम्प्लिफायर कशाला? सभागृहाच्या मिक्सरास सरळ तार जोड," असा सल्ला त्यास देण्यांत आला. तो सल्ला आमचाच होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. पहिलें गाणें त्यानें पेडल न दाबतां वाजविलें; आवाज मेणचट व मलूल निघाला. पिकअपचा क्षीण प्रवाह सुमारें दहा लाख ओहमांचा अडथळा समोर असेल तरच आपला ताजेपणा राखतो, आणि मिक्सरांतील सामान्य खांचेचा अडथळा कांहीं हजार ओहमांचाच असतो, हें कारण आम्हांस नंतर उमगलें. दुसऱ्या गाण्यास त्यानें पेडल दाबलें. पत्र्याच्या डब्यांत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज सभागृहभर झाला, व पुढें बसलेल्या बालवर्गानें कानांवर हात घेतले. मुलानें दोन कडवीं कशींबशीं संपविलीं. त्याचे वडील आंत येऊन इतकेंच म्हणाले, "पेडल खराब निघालें काय?" पेडल उत्तम होतें. मुलाची बोटेंही चुकलीं नव्हतीं. परंतु त्यानें पुढें वर्षभर गिटारीस हात लावला नाहीं.

ॲम्प्लिफायराची जागा घेणारें पेडल तें हें नव्हे. तें वेगळ्या जातीचें असतें, व त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील 'बॉस्टन' या वाद्यवृंदाचा गिटारवादक टॉम शोल्झ हा मूळचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. तो पोलरॉइड कंपनींत नोकरीस होता. त्यानें १९८२ सालीं 'रॉकमन' नांवाची, कमरपट्ट्यास अडकविण्याजोगी एक पेटी बाजारांत आणली. हेडफोन लावला कीं मोठ्या ॲम्प्लिफायरापुढें उभें राहिल्याचा भास ती करून देई. पुढें १९८९ सालीं अँड्र्यू बार्टा यानें 'सान्सॲम्प' काढलें. फ्रेंच भाषेंत 'सान्स' म्हणजे विना. नांवांतच सर्व आलें. यांत पेटीची गाळणीही बसविलेली होती, म्हणून त्याची तार सरळ मिक्सरांत जाऊं शके. १९९८ सालीं लाइन सिक्स कंपनीचा 'पॉड' आला. तांबड्या घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या या यंत्रानें नक्कल करण्याचें काम गणिताकडे सोंपविलें, व आज बहुतेक पेडलें त्याच मार्गानें चालतात.

आजच्या पेडलांच्या खोक्यांवर 'आय-आर' हीं अक्षरें वारंवार दिसतात. त्यांचा अर्थ दुकानांत कोणी नीट सांगत नाहीं, म्हणून येथें सांगतों. रिकाम्या सभागृहांत एकच टाळी वाजवावी व ऐकावें. टाळी क्षणांत संपते, परंतु तिचा जो पडसाद उमटतो त्यावरून डोळे मिटूनही जागा मोठी कीं लहान, भिंती दगडी कीं लांकडी, हें कळतें. तोच प्रयोग गिटारीच्या स्पीकरावर करतात. त्यांतून ठराविक नमुन्याचा आवाज सोडून समोरच्या मायक्रोफोननें तो टिपतात, व त्यावरून त्या पेटीनें कोणता स्वर किती गाळला याचा बारीक हिशेब मांडतात. सेकंदास ४८,००० वेळां घेतलेल्या मापांचा हा हिशेब एका लहानशा फायलींत मावतो. ही फाईल पेडलांत भरली कीं तुमचा स्वर जणूं त्याच पेटींतून बाहेर आल्यासारखा होतो. २०१९ सालचें स्ट्रायमन कंपनीचें 'इरिडियम' आणि २०२३ सालचें बॉस कंपनीचें 'आय-आर २' हीं याच जातीचीं पेडलें होत. त्याच २०२३ सालीं आलेलें 'टोनेक्स' पेडल एक पाऊल पुढें जातें. त्यांत एखाद्या खऱ्या ॲम्प्लिफायराची वागणूक संगणकास शिकवून ती साठविलेली असते. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हा याच तत्त्वावरील कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो. ज्यांच्या घरीं संगणक व गिटार जोडण्याजोगा ऑडिओ इंटरफेस आहे त्यांनीं एकही रुपया खर्च करण्यापूर्वीं तो वापरून पाहावा.

येथपर्यंत वाचून कोणाचा असा ग्रह होईल कीं मग ॲम्प्लिफायराची आवश्यकताच संपली. तसें नाहीं. वर सांगितलेल्या तीन संस्कारांपैकीं पहिल्याची व तिसऱ्याची नक्कल पेडल करतें. दुसरा, म्हणजे बळ देण्याचा, संस्कार तें करीत नाहीं. त्याच्या स्वाधीन आवाजाचा रंग आहे, जोर नाहीं. पेडलाची तार पुढें कशाला तरी जोडावीच लागते, व जोर त्या वस्तूनें पुरवावयाचा असतो. म्हणून पेडल कोणतें घ्यावें असें विचारण्यापूर्वीं पालकांनीं मुलास असें विचारावें : "या तारेचें दुसरें टोंक कोठें जाणार?"

बहुतेकांच्या बाबतींत त्याचें उत्तर हेडफोन असें आहे, मग संमेलनाचीं स्वप्नें कांहींही असोत. वर्षांतून एक दिवस व्यासपीठ व उरलेले सर्व दिवस घर, हा हिशेब आहे. आंबिवलीच्या चाळींतून काय किंवा नव्या उंच इमारतींतून काय, भिंत ही दोन घरांस समाईक असते. पलीकडे कोणी रात्रपाळी करून आलेला असतो, कोणाची बारावीची परीक्षा असते. हेडफोन लावून रात्रीं दहानंतरही सराव करतां येतो, व आमच्या मतें या पेडलांचा सर्वांत मोठा उपकार हाच. यासाठीं पेडलास हेडफोनची खांच आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. कित्येक स्वस्त पेडलांस ती नसते. दुसरी गोष्ट, तारेवांचून चालणारे ब्लूटूथचे हेडफोन येथें निरुपयोगी आहेत. त्यांत आवाज पोंचण्यास इतका विलंब लागतो कीं बोट आधीं व स्वर मागाहून अशी स्थिति होते, आणि ताल बिघडतो. तारेचा साधा हेडफोन घ्यावा. तिसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं, परंतु ९० डेसिबल झाला कीं तीच मर्यादा ४ तासांवर येते. शेजाऱ्याचे कान वांचवून स्वतःचे गमावण्यांत शहाणपण नाहीं.

मोठ्या आवाजाची हौस कायद्याशींही जाऊन भिडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तींतील मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे; रुग्णालय, शाळा यांच्याभोंवतालचें १०० मीटरपर्यंतचें क्षेत्र शांततेचें म्हणून जाहीर करतां येतें. मुंबईंत धोबी तलावाजवळचें रंगभवन हें उघडें नाट्यगृह एके काळीं गिटारवादकांची पंढरी होतें. १९८६ सालीं सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा तेथें वर्षानुवर्षें भरत असे. जवळच रुग्णालय व महाविद्यालय असल्यामुळें तो भाग शांतता क्षेत्रांत गणला गेला, व या शतकाच्या आरंभीं तेथील मेळे बंद पडले. जेथें नामांकित वाद्यवृंदांचे ॲम्प्लिफायर गप्प झाले तेथें चाळींतील खोलीची काय कथा!

शिवाय वजनाचा प्रश्न आहेच. वर उल्लेखिलेला ए-सी ३० तीस किलोंच्या वर भरतो. टिटवाळ्याहून किंवा कसाऱ्याहून भरून येणाऱ्या सकाळच्या गाडींत आंबिवलीस तो घेऊन चढून दाखवावें. पेडल दप्तरांत मावतें.

आतां व्यासपीठाकडे वळूं. सभागृहांत ध्वनिक्षेपकाची व्यवस्था असते. तेथें जोर तीच पुरविते, आणि पेडलानें फक्त रंग पुरवावयाचा. यासाठीं पेटीची नक्कल, जीस कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात, ती पेडलांत असलीच पाहिजे. ती नसेल तर गांधीलमाशी ठेवलेलीच. मात्र हेंच पेडल एखाद्या मित्राच्या गिटार ॲम्प्लिफायरास जोडावयाचें झाल्यास ती नक्कल बंद करावी, कारण गाळणीवर गाळणी बसली कीं आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. बंद करण्याची सोय आहे ना, हें घेतांनाच पाहावें. सभागृहाच्या मिक्सरांतून मायक्रोफोनसाठीं पुष्कळदां ४८ व्होल्टचा दाब तारेवर सोडलेला असतो. त्यास फँटम पॉवर म्हणतात. पेडलाच्या माहितीपुस्तिकेंत मनाई असेल तर तो दाब बंद करवूनच तार जोडावी.

एका ठिकाणीं मात्र पेडल हरतें, व तें दुकानदार सांगत नाहीं. चार मित्र एखाद्या रिकाम्या खोलींत जमले, त्यांतील एकाजवळ खरा ड्रम आहे, आणि ध्वनिक्षेपक कोठेंच नाहीं, अशा ठिकाणीं हेडफोनचें पेडल घेऊन बसलेला मुलगा मुका ठरतो. त्यानें लहानसा ॲम्प्लिफायरच घ्यावा, किंवा पेडल घेऊन जोडीस स्वतःच्या विजेवर चालणारा एक स्पीकर घ्यावा. या दुसऱ्या मार्गानें खर्च दोन वस्तूंचा होतो हें ध्यानांत असावें. दुसरें असें कीं मोठ्या ॲम्प्लिफायरापुढें उभें राहिलें असतां हवेचा जो धक्का गिटारीच्या अंगास बसतो व तार आपोआप लांबत जाते, तें सुख हेडफोनमध्यें नाहीं. हें सुख आम्हांस ठाऊक आहे, व तें थोडें नव्हे. परंतु पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्यावांचून कोणाचें अडत नाहीं.

बाजारांत साधारणतः तीन प्रकार मिळतात. पहिला, साधीं विद्युन्मंडलाचीं पेडलें. जोयो कंपनीचें 'अमेरिकन साउंड' हें त्याचें परिचित उदाहरण. किंमत कमी, आवाज गोड, बटणें मोजकीं. पण हेडफोनची खांच नाहीं. दुसरा, अनेक परिणाम एकत्र असलेलीं पेडलें. झूम कंपनीचें 'जी १ फोर' हें २०१९ चें पेडल चार पेन्सिल सेलांवरही चालतें, त्यांत पेटीची नक्कल आहे, हेडफोन लागतो. वीज गेली तरी सराव थांबत नाहीं. तिसरा, वर सांगितलेलीं 'आय-आर' जातीचीं महाग पेडलें. आमचें मत विचाराल तर शाळकरी मुलास दुसरा प्रकार पुरेसा आहे. त्यांतील शेंकडों आवाजांच्या मोहांत मुलें तासन्‌तास बटणें फिरवीत बसतात हा त्याचा खरा दोष. त्यावर उपाय म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस तीनच आवाज निवडून बाकीचे सहा महिने विसरावयास सांगतों. तिसऱ्या प्रकाराचा आवाज निःसंशय सरस आहे, परंतु ज्याचीं बोटें अजून स्वर धरावयास शिकत आहेत त्यास तो फरक ऐकूं येण्यास अवकाश आहे.

खरेदी शक्यतों समक्ष जाऊन करावी. धोबी तलावास जेर महालांत फुर्टाडो यांचें १८६५ पासूनचें जुनें नांव आहे. शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तेथें पायीं जातां येतें. कल्याण-ठाण्यासही वाद्यांचीं दुकानें आहेत. कोठेंही जा, स्वतःची गिटार व स्वतःचा हेडफोन बरोबर न्यावा. दुकानदार पेडल एखाद्या उंची ॲम्प्लिफायरास जोडून ऐकवितो, व ऐकणारास जो आवाज आवडतो त्यांत ॲम्प्लिफायराचा वांटा किती हें कळत नाहीं. ॲम्प्लिफायराच्या ऐवजीं म्हणून घ्यावयाची वस्तु ॲम्प्लिफायराविनाच ऐकावी, हें उघड आहे. मग एक तार हलके छेडावी, तीच जोरानें छेडावी. हलक्या हातानें आवाज स्वच्छ व जोरानें खरखरीत झाला पाहिजे. गिटारीवरचें आवाजाचें बटण कमी करून पाहावें. चांगलें पेडल त्यासरशी निवळतें. शेवटीं एक स्वर धरून ठेवावा व तो विझेपर्यंत ऐकावें. स्वस्त नक्कल येथें उघडी पडते. स्वर मावळण्याऐवजीं मध्येंच तुटतो किंवा फुसफुसत संपतो.

घरीं आल्यावर ॲडॅप्टरची काळजी घ्यावी. बहुतेक पेडलें ९ व्होल्टचीं असून त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, तर घरांतील इतर उपकरणांच्या ॲडॅप्टरांत पुष्कळदां तो धन असतो. पिन सारखी बसली म्हणून जोडलें व पेडल जळालें, असें घडतें. प्रवाहही पुरेसा लागतो. 'इरिडियम'सारख्या पेडलास किमान ५०० मिलिॲम्पिअर पाहिजेत, साध्या पेडलास त्याच्या दहाव्या हिश्श्यानेंही भागतें. सतत घूं असा आवाज येत असेल तर दोष पेडलास देण्यापूर्वीं बोर्डाचें अर्थिंग तपासून घ्यावें. जुन्या घरांत तिसरी पिन असते, पण तिच्या मागें तार नसते.

वर ज्या मुलाची हकीकत सांगितली त्यानें मागील दिवाळींत जुन्या बाजारांतून दुसऱ्या प्रकारचें एक पेडल घेतलें. यंदा तेंच पेडल त्याच मिक्सरास जोडून त्यानें आमच्या समोर एक तास वाजविलें, आणि बालवर्गाच्या शिक्षिका दारांत येऊन उभ्या राहिल्या. ज्या विद्यार्थ्यांस पेडल घेण्यापूर्वीं सभागृहांत आवाज ऐकून पाहावयाचा असेल त्यांनीं संमेलनाच्या आधींच्या कोणत्याही शनिवारीं दुपारीं पालकांसह यावें. मिक्सर मोकळा असतो. येतांना गिटारीची तार मात्र स्वतःची आणावी. शाळेची एकुलती एक आहे, व तिची पिन सैल झालेली आहे.